ओठ आधी, शब्द मागाहून

कल्याणहून माळशेज घाट चढून आलेला महामार्ग ओतूर ओलांडून आळेफाट्याकडे निघतो, त्या वाटेवर पिंपरी पेंढार हे गाव आहे. आजूबाजूला ऊस, कांदा, टोमॅटो. व्यापार आळेफाट्याला किंवा नारायणगावला. जुन्नर तालुक्यातील उसाच्या फडांत बिबट्याचा वावर वाढल्यापासून दिवेलागणीनंतर विनाकारण बाहेर न पडण्याची रीत या पट्ट्यात घराघरांत रुजली आहे, आणि पिंपरी पेंढारनेही बिबट्याच्या हल्ल्यांचे दुःख सोसलेले आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या व्यापारी कुटुंबात तर संध्याकाळ आणखीच लांब होते. आजी-आजोबा, दुकान बंद करून परतलेली मधली पिढी आणि शाळकरी मुले यांना दीड-दोन तास एका खोलीत बसवील असे साधन मग शोधले जाते. भिंतीवर शंभर इंचांचे चित्र उमटवणारा प्रोजेक्टर हे त्याचे आजचे लोकप्रिय उत्तर आहे.

प्रोजेक्टर निवडताना घरातील सारे चिकित्सक होतात. प्रकाश किती, चित्र किती स्वच्छ, दिवा किती तास टिकेल, हे चार ठिकाणी विचारले जाते. आवाजाचा प्रश्न मात्र ‘घरात ब्लूटूथ स्पीकर आहेच, तोच जोडू’ या एका वाक्यात निकालात निघतो. पहिल्या संध्याकाळी चित्र पाहून सर्वजण हरखतात. अर्ध्या तासाने आजी म्हणतात, ‘मला काही कळत नाही, तुम्ही बघा’, आणि उठून आत जातात. घरचे समजतात की त्यांना कमी ऐकू येते, म्हणून आवाज वाढवला जातो. पण पुष्कळदा दोष आजींच्या कानांत नसतो. पडद्यावरचा ओठ आधी हलतो आणि शब्द मागाहून येतो, हे त्याचे खरे कारण असते. तरुण मेंदू हे अंतर कसेबसे जुळवून घेतो. वयस्कर माणूस मात्र नकळत बोलणाऱ्याच्या ओठांचा आधार घेऊन ऐकत असतो, आणि तो आधारच येथे दिशाभूल करू लागतो.

ही अडचण दूरदर्शन संचाला सहसा येत नाही, कारण तेथे चित्र आणि ध्वनी एकाच पेटीतून निघतात आणि बाहेरचा स्पीकर लावला तरी तो संचाच्या खालीच, हातभर तारेने जोडता येतो. प्रोजेक्टरची मांडणी उलटी असते. यंत्र प्रेक्षकांच्या मागे किंवा डोक्यावर, आणि चित्र समोरच्या भिंतीवर. यंत्रातील छोट्या स्पीकरचा आवाज पाठीमागून येतो. पुढे स्पीकर ठेवावा तर खोलीभर तार ओढावी लागते. तार नको म्हणून बिनतारी स्पीकर, असा हा सरळ विचार आहे. तो चुकीचा नाही, अपुरा आहे.

चित्र आणि ध्वनी यांची सांगड घालण्याचा प्रश्न बोलपटाइतकाच जुना आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाची सुरुवात केली. त्या काळापासून फिल्मच्या पट्टीवर चित्रांच्या कडेला ध्वनीची रेघ छापली जाऊ लागली. पण ज्या खिडकीतून चित्र पडद्यावर जाते तेथेच ध्वनी वाचता येत नाही. चित्राची चौकट खिडकीपुढे क्षणभर थांबावी लागते, ध्वनीची रेघ मात्र अखंड आणि एकसारख्या गतीने सरकावी लागते. म्हणून ध्वनी वाचणारा भाग वेगळ्या जागी असतो आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर ध्वनी आपल्या चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापला जातो. १६ मिलिमीटरमध्ये हे अंतर २६ चौकटींचे, म्हणजे सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर एका सेकंदाहून अधिक. फिल्म यंत्रात ओवताना दोन्हींच्या मध्ये जो झोळ सोडायचा, तो कमी-जास्त झाला की नायकाचे ओठ आणि शब्द यांची फारकत झालीच. महाराष्ट्राच्या जत्राजत्रांतून तंबू घेऊन फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर हे काम धुळीत, जनरेटरच्या गोंगाटात, हाताच्या अंदाजाने करीत आले. या फिरत्या सिनेमांच्या अखेरच्या पर्वावर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली निघाला आणि कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. तंबू गेला, ऑपरेटरही गेला. त्याचे झोळ जुळवण्याचे काम आता घरच्या माणसाकडे आले आहे, आणि ते स्पीकर लावताना नव्हे, विकत घेतानाच करावे लागते.

ब्लूटूथने आवाज उशिरा का येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रोजेक्टर आधी आवाज दाबून लहान करतो, मग त्याची छोटी-छोटी पाकिटे करून रेडिओलहरींवर पाठवतो. या लहरी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. त्याच पट्ट्यात घरचा वाय-फाय असतो आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही तेथेच लुडबुड करतो. गर्दी टाळण्यासाठी ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलते. तरी काही पाकिटे वाटेत हरवतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. आवाज तुटू नये म्हणून स्पीकर आलेली पाकिटे लगेच वाजवीत नाही, थोडा साठा शिल्लक ठेवतो. पतपेढी राखीव रोकड ठेवते तसाच हा प्रकार. साठा मोठा तर आवाज अखंड, पण तेवढाच उशीर अधिक. सर्वसाधारण ब्लूटूथ स्पीकरवर हा उशीर १५० ते २५० मिलिसेकंदांच्या घरात जातो.

पाव सेकंद म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. नदीच्या पलीकडच्या काठी धुणे आपटताना दिसते आणि आवाज किंचित मागाहून येतो. ३४ मीटरांवर हा फरक सेकंदाच्या दहाव्या भागाइतका असतो. म्हणजे ब्लूटूथच्या उशिरामुळे दहा फुटांवर दिसणारा माणूस जणू पन्नास ते पंचाऐंशी मीटरांवरून बोलू लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रक्षेपणासाठी केलेल्या शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकांना विसंगती जाणवू लागते. ‘नंतर’ला सवलत अधिक, कारण निसर्गात आवाज नेहमी प्रकाशाच्या मागूनच येतो आणि मेंदूला त्याची सवय असते. तरीही साधा ब्लूटूथ स्पीकर ही सवलतीची मर्यादा बहुधा ओलांडतो.

येथे एक गुंता आहे आणि दुकानात होणारी फसगत त्यातूनच होते. प्रोजेक्टरमध्येच बसवलेल्या अॅपवरून चित्रपट लावला, तर अनेकदा ते अॅप स्पीकरचा उशीर ओळखून चित्र तेवढेच थांबवून धरते आणि सारे जुळते. दुकानदार नमुना दाखवतो तो असा. घरी मात्र सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय केबलने जोडला जातो. त्याचे चित्र थेट भिंतीवर जाते, कोणी थांबवून धरीत नाही, आणि शब्द मागे पडतात. मग घरातील एखादा चौकस मुलगा सेटिंगमध्ये शिरून ‘ऑडिओ डिले’ शोधून काढतो. ते सेटिंग बहुतेक यंत्रांत आवाज आणखी मागे ढकलण्यासाठी असते. उशिरा येणाऱ्याला आणखी उशीर करून उपयोग काय? चित्राला थांबवण्याची सोय असेल तरच त्याचा लाभ. आणखी एक शब्द पारखून घ्यावा. ‘ब्लूटूथ आहे’ एवढ्यावर विसंबू नये. काही प्रोजेक्टरांतील ब्लूटूथ हे फोनवरची गाणी प्रोजेक्टरच्या स्पीकरवर वाजवण्यासाठी असते, म्हणजे आवक असते, जावक नसते. बाहेरच्या स्पीकरला आवाज पाठवता येतो का, हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा.

मग करावे काय? आळेफाट्याला गाळा आणि पिंपरी पेंढारला जुने घर असलेल्या एखाद्या कुटुंबाचे उदाहरण कल्पावे. पंधरा-सोळा फुटांची खोली, मागच्या भिंतीला फळीवर प्रोजेक्टर, समोर चुना दिलेली भिंत. या कुटुंबाने सर्वप्रथम तारेचाच विचार करावा, असे सुचवणे आजच्या काळात जुनाट वाटेल. पण हिशेब तारेच्या बाजूने आहे. प्रोजेक्टरच्या ३.५ मिलिमीटरच्या छिद्रातून दहा मीटरची साधी तार काढून दाराच्या चौकटीवरून, केसिंग-पट्टीतून पुढच्या भिंतीपर्यंत नेली, तर खर्च काही शे रुपयांचा आणि उशीर शून्य. वायरमन एका दुपारी हे काम करतो. विजेची तार पुढच्या भिंतीपर्यंत न्यावीच लागणार असते, कारण मोठा बिनतारी स्पीकर बिनतारी असतो तो आवाजापुरता. त्याला प्लग लागतोच. त्याच दिवशी दोन्ही कामे उरकावीत, मात्र विजेची तार आणि आवाजाची तार एकाच पट्टीत शेजारी घालू नयेत, नाहीतर गुणगुण ऐकू येते.

साउंडबार घ्यायचा असेल तर प्रोजेक्टरला एचडीएमआयवर ‘एआरसी’ लिहिलेले आहे का ते पाहावे. या सोयीमुळे त्याच केबलने आवाज साउंडबारकडे परत येतो. २००९ पासून ती एचडीएमआयच्या मानकात आहे, तरी अनेक प्रोजेक्टरांत तिचा पत्ता नसतो. साउंडबारबरोबर येणारा बिनतारी सब-वूफर मात्र निःशंक घ्यावा. त्याचा दुवा कारखान्यातच खास जुळवलेला असतो, उशीर नगण्य असतो, आणि खालच्या पट्टीच्या आवाजाची दिशा कानाला कळत नसल्यामुळे तो कोपऱ्यात, गाद्यांच्या ढिगाशेजारी कुठेही चालतो.

भाड्याचे घर आहे, भिंतीला खिळा नको, लहान मूल तार ओढते, अशा घरांत बिनतारी मार्गच उरतो. तेथे साध्या ब्लूटूथऐवजी कमी उशिराची ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी घ्यावी. ट्रान्समीटर प्रोजेक्टरच्या छिद्राला, रिसीव्हर समोरच्या स्पीकरला. ‘अॅप्टएक्स लो लेटन्सी’ या पद्धतीत उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, आणि तो कोणाला जाणवत नाही. अट एकच: दोन्ही टोकांना तीच पद्धत हवी. एका टोकाला नवी आणि दुसऱ्याला साधी असेल तर दोघेही निमूटपणे जुन्या ‘एसबीसी’ पद्धतीवर उतरतात आणि उशीर होता तेवढाच राहतो. खोक्यावर नाव वाचून पैसे मोजणाऱ्यांची निराशा होते ती येथे. वाय-फायवरचे स्पीकर संगीतासाठी उत्तम, पण सेट-टॉप बॉक्सच्या चित्राशी जुळवायचे असतील तर त्याच कंपनीचा खास जोड लागतो. गावातील इंटरनेटची चंचलता लक्षात घेता त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

वॅटच्या आकड्यांविषयी व्यापारी वाचकांना अधिक सांगायला नको. मापात खोट कशी लपते हे त्यांना ठाऊक आहे. खोक्यावर ठळक छापलेला ‘पीएमपीओ’ हजारांत असतो, त्याला व्यवहारात काहीच अर्थ नसतो. ‘आरएमएस’ एवढाच आकडा पाहावा. त्यातही वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही; फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तो फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायला वॅट सुमारे दसपट लागतात. पंधरा-सोळा फुटांच्या खोलीला २० ते ४० वॅट आरएमएसची चांगली जोडी पुरून उरते.

पैसा वॅटवर न घालवता शब्दांच्या स्पष्टतेवर घालवावा. वय वाढते तसे कान प्रथम वरच्या पट्टीचे आवाज गमावतात. स, श, त, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच पट्टीत असते, स्वरांचे बळ खालच्या पट्टीत. म्हणून आजोबांना ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’. अशा वेळी बेस वाढवणे म्हणजे चष्म्याची काच पुसण्याऐवजी दिवा मोठा करण्यासारखे आहे. दुकानात स्पीकर पारखताना ढोल-ताशांचे गाणे लावले जाते आणि त्या दणदणाटात कोणताही स्पीकर भारी वाटतो. त्याऐवजी मराठी बातमीपत्र किंवा एखादे प्रवचन लावावे, आवाज लहान ठेवावा आणि डोळे मिटून ऐकावे. शक्य तर घरातील ज्येष्ठांनाच बरोबर न्यावे. खरेदी तरुणांची आणि त्रास वडीलधाऱ्यांना, हे टळते.

खोलीचाही वाटा असतो. शहाबादी फरशी, गिलाव्याच्या भिंती आणि मोकळी जागा असेल तर प्रत्येक शब्दाच्या मागे त्याची प्रतिध्वनीची शेपटी लागते. सतरंजी अंथरली, खिडक्यांना जाड पडदे लावले, मागच्या भिंतीला गोधड्यांची चळत ठेवली की तोच स्पीकर बोलका होतो. स्पीकर चित्राच्या खाली किंवा दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असावेत. चित्रपटगृहांत पडद्याला बारीक छिद्रे पाडून त्यामागे स्पीकर ठेवतात, ते याच कारणाने: शब्द बोलणाऱ्याच्या तोंडातून यावा. एकच स्पीकर असेल तर तो चित्राच्या बरोबर मध्यावर खाली ठेवावा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्लूटूथ स्पीकर जोडी म्हणून चालत नाहीत. जोडी करायची तर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, आणि ती सोय असलेले घ्यावेत.

जुन्नर तालुक्यापुरता एक प्रश्न अधूनमधून विचारला जातो. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीचा प्रकल्प आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड थाळ्या आकाशातील क्षीण रेडिओलहरी टिपतात, आणि आसपासचा रेडिओगोंगाट कमी असणे ही त्या जागेच्या निवडीतील महत्त्वाची बाब होती. घरातील ब्लूटूथमुळे त्यांना अडथळा होतो काय? दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान काम करते, ब्लूटूथ त्याच्या बरेच वर, २४०० च्या पट्ट्यात. शिवाय त्याची शक्ती अतिशय अल्प असते. स्वस्तातले बिनशिक्क्याचे अॅडॉप्टर मात्र नको त्या पट्ट्यांत खरखर पसरवतात. त्यांचा उपद्रव शास्त्रज्ञांपर्यंत पोचो वा न पोचो, घरच्या रेडिओवर तो लगेच ऐकू येतो. ब्लूटूथ स्पीकर भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत आहेत. खोक्यावरील ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ब्युरोच्या मोबाइल अॅपवर टाकून पाहायला अर्धे मिनिट लागते.

वीज जाण्याचा विचारही करावा. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर चालत असेल तर स्पीकरचा प्लगही इन्व्हर्टरच्याच ओळीवर घ्यावा. चित्र सुरू आणि आवाज बंद, असा प्रसंग मग येत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या घरांत स्वतःची बॅटरी असलेला आणि ३.५ मिलिमीटरचे छिद्रही असलेला स्पीकर हा समंजस सौदा ठरतो. त्याला एरवी तार जोडावी, आणि जत्रेला किंवा शेतावर नेताना बिनतारी वापरावा. नव्या मॉडेलांतून हे छिद्र हळूहळू नाहीसे होत आहे, तेव्हा पाहून घेणे अगत्याचे.

खरेदीआधीची कसोटी सोपी आहे. टाळ्या वाजवणाऱ्या किंवा तबला वाजवणाऱ्या माणसाची चित्रफीत स्वतःच्या सेट-टॉप बॉक्सवरून, निदान एचडीएमआयने जोडलेल्या एखाद्या पेटीवरून, लावायला सांगावी. हात तबल्यावर पडतो आणि आवाज येतो यांत फट दिसली तर तो स्पीकर प्रोजेक्टरसाठी नव्हे. दुकानदार नमुना दाखवायला तयार नसेल तर बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि त्या मुदतीत घरी पारख करावी. बिल अर्थात पक्केच. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या हिशेबाने किंमत सांगणाऱ्याला तारीख दाखवावी. घरच्या वापराची ही वस्तू पेढीच्या नावे घेऊन कराची वजावट मागण्याचा मोह काहींना होतो. स्वतःच्या उपभोगाच्या वस्तूवर ती मिळत नाही आणि तपासणीत सापडली तर व्याजासह परत करावी लागते.

राहिला आवाजाच्या मर्यादेचा प्रश्न. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही पातळी ठरलेली आहे. गावात शेजारी तक्रार करीत नाहीत, सोसतात. पण पिंपरी पेंढारसारख्या ठिकाणी आवाज मर्यादेत ठेवण्याला नियमापेक्षा निकडीचे कारण आहे. रात्री गोठ्यात गुरे हंबरली, कुत्रे एकाएकी भुंकू लागले किंवा वस्तीवरून कोणी हाक मारली, तर ती घरात ऐकू आली पाहिजे. पडदे ओढलेल्या खोलीत मोठा सब-वूफर धडधडत असेल तर ती येत नाही. म्हणून रिमोट वडीलधाऱ्या माणसाच्या हाती असावा, आणि पडवीकडचे दार कडी लावून बंद असले तरी त्या बाजूची वरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी.